बुखारी, बॉयलर की नुसतं ऊन?

घर बांधणाऱ्यांच्या आणि घरात राहणाऱ्यांच्या शंका. या महिन्यात तिन्ही पत्रं लेहच्या परिसरातून आली आहेत.

प्रश्न : ताई, मी मूळचा जुन्नरचा. ट्रेकिंगच्या निमित्ताने लडाखला येत-जात होतो, चार वर्षांपूर्वी इथलाच जावई झालो. सासरे साबू गावात राहत्या घराला लागून दोन खोल्या बांधताहेत, एक आम्हा दोघांसाठी आणि एक हिवाळ्यातल्या पाहुण्यांसाठी. प्रत्येक खोली १२ बाय १४ फुटांची. ऊब कशी आणायची यावरून घरात तीन पक्ष पडलेत. मेव्हण्याला हॉटेलात असतो तसा डिझेलचा बॉयलर आणि भिंतीवर रेडिएटर हवेत. मी गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी म्हणतोय, कारण आता वीज बरी असते. सासरे म्हणतात, बुखारी (धुराड्याची लोखंडी शेगडी) आहे की, पुरे झालं. भिंती सिमेंटच्या ब्लॉकच्या, एवढं मात्र ठरलंय. कोणाचं ऐकू?

उत्तर : सासऱ्यांचं थोडं, तुमचं थोडं, मेव्हण्याचं नाही. आणि जे ठरलंय म्हणता, ते आधी मोडा.

लेहमध्ये मी सात हिवाळे काढले. पहिला सिमेंटच्या ब्लॉकच्या भाड्याच्या खोलीत, पुढचे सहा एका आमालेंच्या (लडाखीत आमाले म्हणजे आई) जुन्या मातीच्या घरात. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे दोन हीटर होते, तरी पलंगामागच्या भिंतीवर आतून हिम धरायचं. नखाने खरवडलं की निघायचं. आमालेंकडे हीटर एकच होता आणि तोही रात्री नऊला बंद व्हायचा. तेव्हापासून मला कुणी 'कुठला हीटर घेऊ' असं विचारलं की मी भिंतीबद्दलच विचारते. लोक वैतागतात, वैतागू देत.

कागद घ्या, हिशेब करू. तुमच्या खोलीच्या दोन भिंती बाहेर उघड्या आहेत, वर छप्पर आहे आणि दक्षिणेला साधारण चार चौरस मीटर काच, असं धरते. बाहेर उणे १५ अंश आणि आत १५ अंश हवेत. नुसता ब्लॉक, एकेरी काच आणि पातळ छप्पर असेल, तर ती खोली पावणेतीन किलोवॅटच्या आसपास ऊब बाहेर टाकते. म्हणजे दोन हजार वॅटचा हीटर रात्रभर पूर्ण ताकदीने चालला तरी खोली गारच. त्याच खोलीच्या भिंतीत आणि छपरात भुसा किंवा पेंढा नीट भरला, काच दुहेरी केली आणि फटी बुजवल्या, तर हा आकडा एक किलोवॅटच्या आत येतो. यंत्र तेच, खोली तेवढीच, आणि गरज एक तृतीयांश.

आता दुसरी बाजू. तुमच्या गावाची थंडी कोरडी आहे, हे तुमचं भाग्य समजा. लेहला वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्या घाटमाथ्यावर एवढं पाणी एका दिवसात पडून जातं. ढग नाहीत म्हणून रात्री जमीन भराभर गार होते, पण त्याच कारणाने दिवसा ऊनही लख्ख मिळतं. तेही साडेतीन हजार मीटरवरच्या विरळ हवेतून आलेलं, म्हणजे कडक. उभ्या दक्षिणमुखी चार चौरस मीटर काचेतून जानेवारीच्या निरभ्र दिवशी दहा-बारा युनिट (वीजबिलातलंच युनिट) ऊब आत येते. नीट बांधलेल्या खोलीला चोवीस तासांत लागते पंधराएक युनिट. बहुतेक काम ऊनच करून जातं, यंत्राने फक्त उरलेली रक्कम भरायची. ब्लॉकच्या खोलीला लागतात चाळीस-पंचेचाळीस. तिथे ऊन आलं काय आणि न आलं काय, तुम्ही डिझेलचे गुलाम.

म्हणून काम सुरू करण्याआधी एक गोष्ट करा. २१ डिसेंबरच्या आसपास जागेवर दिवसभर उभे राहा आणि ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं, ते लिहून काढा. साबूची दरी आहे. डोंगराच्या सावलीने सकाळचा दीड तास खाल्ला तर माझं वरचं गणित तेवढं खाली येईल. सासऱ्यांना विचारलंत तर उभं राहायचीही गरज नाही, कुठल्या महिन्यात कुठल्या दगडावर पहिलं ऊन पडतं हे त्या पिढीला तोंडपाठ असतं.

लेह ३४ अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साडेबत्तीस अंशच वर येतो. साडेसहा फूट उंचीची काच लावलीत तर ऊन दहा फूट आत शिरतं, म्हणजे जवळजवळ मागच्या भिंतीपाशी. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर, अगदी डोक्यावर असतो. तेव्हा सव्वा फुटाचा छज्जा सगळी काच सावलीत ठेवतो. एवढा छज्जा ठेवा, जास्त नको. आपल्याकडच्या सवयीने अडीच फुटी छज्जा काढलात तर हिवाळ्यातलं ऊन हकनाक गमवाल. उत्तरेला खिडकी ठेवूच नका. पाहुण्यांना उत्तरेचा डोंगर दाखवायचा असेल तर अंगणात खुर्ची द्या.

तुमच्या खोलीसाठी, म्हणजे जिथे संध्याकाळी बसणं-उठणं आहे तिथे, मोठी काच आणि जमिनीला माती किंवा दगड, म्हणजे दिवसाचं ऊन फरशीत साठेल. पाहुण्यांची खोली मुख्यतः झोपायची. तिथे दक्षिणेला अर्धी काच आणि अर्ध्या भागात काळी भिंत घ्या. बाहेरून काळा रंग दिलेली मातीची जाड भिंत, तिच्यापुढे चार इंच अंतर सोडून काच. हिला ट्रॉम्ब भिंत म्हणतात. फेलिक्स ट्रॉम्ब या फ्रेंच अभियंत्याच्या नावावरून हे नाव पडलं, १९६७ साली पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो गावात त्याने असं घर उभं केलं होतं. लडाखात ही युक्ती चांगली रुजली आहे, फे गावाजवळच्या सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या आवारात जाऊन पाहा, उन्हावर तापणाऱ्या इमारती तिथे वर्षानुवर्षं वापरात आहेत. दुपारी तापलेली ही भिंत आतल्या बाजूने ऊबदार व्हायला आठ-दहा तास घेते, म्हणजे ऊब आत येते ती बरोबर पाहुणा पांघरुणात शिरताना. भिंतीला वर-खाली झरोके ठेवलेत तर त्यांना झडपा हव्यातच आणि त्या सूर्यास्ताला बंद करायला हव्यात. नाहीतर रात्री हवा उलटी फिरते आणि खोलीतली ऊब काचेला जाऊन मिळते. ही चूक मी स्वतः एका शाळेच्या खोलीत केली आहे. झडपा नकाशात होत्या, सुताराने बसवल्या नाहीत आणि मी तपासलं नाही. मुलं सकाळी दोन-दोन टोप्या घालून बसायची.

शेलखांग, म्हणजे काचेची खोली, तुमच्याकडे आधीच असेल. छानच असते. फक्त तिच्यात आणि आतल्या खोलीत दार हवं. ऊन कललं की दार बंद. दिवसा ती खोली कमावती, रात्री उधळी.

भिंतीचं साहित्य : आत पागबू, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा. बाहेर हौस असेल तर ब्लॉकची पातळ भिंत लावा. दोन्हींमध्ये चार इंच पोकळी आणि तिच्यात कोरडा भुसा किंवा पेंढा, ठासून. पाहुण्यांच्या खोलीत काळ्या भिंतीपुरता भाग सोडायचा, तिथे भुसा नाही. मातीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. माती ऊब साठवते, अडवण्यात मात्र तितकी हुशार नाही, अडवायचं काम भुशाचं. म्हणून दोघंही हवेत आणि याच क्रमाने हवेत, माती आत, भुसा बाहेर. काही कंत्राटदार आतून थर्माकोल चिकटवतात. गोधडी अंगावर घ्यायची असते, गिळायची नसते. आतून चिकटवलंत की भिंतीची साठवण वाया गेली. ब्लॉकच वापरायचे हा मेव्हण्याचा हट्ट असेल तर थर्माकोल ब्लॉकच्या बाहेरून लावून वर गिलावा करा.

छपराला सहा इंच पेंढा-भुसा द्या, ऊब सगळ्यात आधी तिथूनच पळते. पॉपलरचे वासे, वर विलोच्या काटक्या, मग हा थर आणि वर माती, हे जुनं छप्पर आजही उत्तम. पण २०१० च्या ऑगस्टमधली ढगफुटी साबूनेही भोगली आहे. तेव्हापासून मी मातीवर उताराचा पत्रा घालायला सांगते. ओला झालेला भुसा कोरड्या पंचाइतकाही उपयोगाचा नाही.

आता यंत्रं.

मेव्हण्यांचा बॉयलर वाईट नाही, दोन खोल्यांना तो भलता आहे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊब असते, चांगल्या बॉयलरमधून हातात आठ पडतात. ब्लॉकच्या दोन खोल्या केल्यात तर रोज आठ-नऊ लिटर जाळाल. नीट बांधल्यात तर उन्हाच्या दिवशी लिटरभरसुद्धा लागणार नाही. मग त्या लिटरसाठी पंप, पाइप, रेडिएटर कशाला? शिवाय पंपाला वीज लागते. वीज गेली आणि पाइपात साधं पाणी असलं तर सकाळी पाइप फुटलेला, म्हणून पाण्यात ग्लायकॉल घालणं आलं. बर्नर विरळ हवेसाठी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर काजळी धरतो. आणि साधं डिझेल थंडीत मेणासारखं गोठतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. तेच घ्यावं लागेल. दहा खोल्यांचं गेस्टहाउस काढाल त्या दिवशी मेव्हण्याला माझा निरोप द्या, तेव्हा तो बरोबर असेल.

तुमचा एसी. कल्पना चांगली, पण पुण्याच्या दुकानातला गरम-थंड एसी इथे चालणार नाही. तो बाहेर गोठणबिंदूच्या जरासं खाली गेलं की हात टेकतो. थंड प्रदेशासाठी बनवलेला, उणे २५ पर्यंत चालण्याची हमी लिहून दिलेला हीट पंपच, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणणारा एसीच, बघा. विकणारा 'चालतो की' म्हणाला तर माहितीपत्रकातला आकडा बोटाने दाखवायला सांगा. कडाक्याच्या रात्री एका युनिट विजेत दोन युनिट ऊब मिळाली तरी मी खूश असेन. विरळ हवेत पंख्यातून जाणारी हवा वजनाने कमी भरते, म्हणून एक माप मोठा घ्या. कोरडेपणाचा इथेही फायदा आहे. दमट थंडीत बाहेरच्या जाळीवर बर्फ साचतो आणि यंत्र सारखं थांबून तो वितळवत बसतं. लेहमध्ये हा त्रास फार कमी.

वीज बरी झाली हे खरं. फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह वाहिनीने लडाख देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं, त्याआधीचे लेहचे हिवाळे आणि आताचे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी महिनाभर संध्याकाळी सात वाजता व्होल्टेज मोजून वहीत लिहा, मगच पैसे घाला.

आणि बुखारी. सासऱ्यांना सांगा, ती राहणार. चांसात, म्हणजे हिवाळी स्वयंपाकघरात, तिच्यासारखं दुसरं काही नाही. चहा, भाकरी, ऊब आणि गप्पा एकाच जाळावर. वीज गेल्यावर तीच वाचवते. पण निजायच्या खोलीत बुखारी नको म्हणजे नको, मग ती लाकडाची असो, गोवऱ्यांची, रॉकेलची, नाहीतर कोळशाची.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. त्या पहिल्या हिवाळ्यात हीटरना कंटाळून मी भुशाची बुखारी आणली. तिसऱ्या रात्री डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. मला वाटलं, उंचीचा त्रास. लेहला डोकं दुखलं की सगळे तेच म्हणतात. मी पाणी पिऊन पुन्हा आडवी झाले. शेजारच्या आमाले सकाळी ताक द्यायला आल्या, दार उघडून त्यांनी वास घेतला आणि मला खांद्याला धरून बाहेर बर्फात नेऊन बसवलं. पाइपाच्या कोपऱ्यात काजळी अडकली होती. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो, आणि लेहच्या हवेत ऑक्सिजन आधीच समुद्रसपाटीच्या पासष्ट टक्के. या वायूच्या विषबाधेची आणि उंचीच्या त्रासाची लक्षणं हुबेहूब सारखी, हाच खरा धोका आहे. पाहुणा नवखा असेल तर त्याला फरक कळणारच नाही. एक खूण सांगते : घरातल्या एकाहून जास्त माणसांचं डोकं एकदम दुखत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर तो उंचीचा त्रास नव्हे.

चांसात बॅटरीवर चालणारी कार्बन मोनॉक्साइडची घंटी लावा. बुखारीचा पाइप जमेल तितका सरळ वर न्या, आडवा तुकडा कमीत कमी ठेवा, दर आठवड्याला झाडा. आणि बुखारीच्या पायाशी बाहेरून हवा आणणारं मुठीएवढं भोक ठेवा. सासरे हसतील, 'ऊब आणायला भोक?' म्हणतील. हसू देत, पण भोक ठेवा.

पैसे मर्यादित असतील तर क्रम असा : आधी भुसा, मग दुहेरी काच, मग जाड पडदे, त्यानंतर प्रत्येक खोलीला एक तेलाचा (आत तेल भरलेला, विजेवर चालणारा) हीटर. एक हिवाळा त्यावर काढा. हीट पंप लागतो का, हे पुढच्या मार्चमध्ये तुम्हीच मला कळवाल.

प्रश्न : माझ्या यजमानांची दोन वर्षांसाठी लेहला बदली झाली आहे. आम्ही सांगलीचे. भाड्याच्या घराला काही करता येणार नाही, सगळं काँक्रीट आहे. घरमालक गॅसवर चालणारी शेगडी देतो म्हणतात. घेऊ का? आणखी काय आणू?

उत्तर : शेगडी नम्रपणे परत करा. तिला धुराडं नसतं, म्हणजे जळलेलं सगळं तुम्ही श्वासात घेणार. कारण वरच्या उत्तरात सांगितलं आहे. शिवाय घरगुती सिलिंडरमधला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं नाकारतो, म्हणजे ऐन कडाक्यात ज्योत मंदावते. मग लोक सिलिंडरवर गरम पाणी ओततात. ते पाहून माझ्या पोटात गोळा येई.

घरभर ऊब आणायच्या फंदात पडू नका. दक्षिणेची एक खोली निवडा आणि हिवाळा तिथेच काढा, लडाखी माणसंही चांसात तेच करतात. तेलाचा दोन हजार वॅटचा हीटर, थर्मोस्टॅटवाला, घ्या. तो जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, म्हणून १६ अँपिअरच्या जाड प्लगलाच जोडा. एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नाही. सळईचे लाल हीटर समोर बसलेल्याचे गुडघे तापवतात आणि पाठ गारच ठेवतात.

खिडक्यांना आतून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चिकटपट्टीने लावा, काचेत आणि प्लॅस्टिकमध्ये इंचभर हवा राहिली की बिनपैशाची दुहेरी काच झाली. दाराच्या फटीला जुन्या साडीची वळी. फरशीवर आधी पुठ्ठे, त्यावर सतरंजी, त्यावर लडाखी गालिचा. काँक्रीटची फरशी पायातून ऊब शोषते, आणि पाय गार असले की खोली वीस अंश असूनही थंडी वाजते.

झोपताना खोली तापवू नका, अंथरूण तापवा. चादरीखालचं विजेचं ब्लँकेट शंभर वॅटच्या आसपास घेतं, हीटरच्या विसावा हिस्सा. झोपण्याआधी अर्धा तास लावून बंद करायचं. आणि रात्री नळाचं पाणी पाइपातून उतरवून ठेवायला घरमालकांकडून पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. तो कॉक कुठे आहे हे उणे १८ मध्ये टॉर्चने शोधणं फार वाईट. सांगलीहून काय आणू म्हणता, तर हळद आणा. बाकी सगळं मोती मार्केटात मिळतं.

प्रश्न : हीटर लावल्यापासून मुलाच्या नाकातून रक्त येतं, ओठ फुटतात. हीटर बदलावा का? ह्युमिडिफायर घ्यावा का? (एक आई, मूळ गाव सोलापूर, सध्या लेह)

उत्तर : रक्त वारंवार येत असेल किंवा थांबत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. हीटर निर्दोष आहे, तो हवेतलं पाणी खात नाही. बाहेरची उणे १० अंशांची हवा मुळातच कोरडी, तिच्यात पाणी मावतच नाही. तीच आत येऊन २० अंशांना तापली की सापेक्ष आर्द्रता सात-आठ टक्क्यांवर येते. सोलापूरच्या मे महिन्यातली दुपारसुद्धा इतकी कोरडी क्वचितच असते. म्हणजे हीटर कुठलाही घ्या, फरक पडणार नाही. तापमान मात्र २० वरून १६ वर आणा, अंगात स्वेटर असू द्या, थोडा त्रास तिथेच कमी होईल.

ह्युमिडिफायर घ्यायला हरकत नाही, पण रोज धुवावा लागतो आणि उकळून गार केलेलं पाणी घालावं लागतं. मी घेतला नव्हता. मी धुणं झोपायच्या खोलीत वाळत घालायची. तिथे ओला टॉवेल दोन-तीन तासांत कडक होतो, म्हणजे ते सगळं पाणी हवेत गेलेलं असतं. मुलाच्या नाकपुडीला आतून रात्री साजूक तुपाचं बोट.

एका बाबतीत जपा. आर्द्रता तीस-पस्तीस टक्क्यांच्या वर नेऊ नका. काँक्रीटच्या थंड भिंतीवर, कपाटामागे, ते पाणी जमतं आणि बुरशी धरते. मोजायचं यंत्र नसेल तर सकाळी खिडकी बघा. काचेच्या तळाशी बोटभर रुंद ओल असेल तर ठीक. ओल वर चढत अर्ध्या काचेपर्यंत आली, की त्या रात्री टॉवेल न्हाणीघरात.